चार घरांची वाट

४ मे

पोचलो एकदाचे. बोटीत निंगनिंगला तीनदा उलटी झाली, मला एकदाही नाही, आणि म्हणे म्हातारीला सांभाळायला नात सोबत आहे. तिला इथल्या बेकरीत नोकरी लागली. बेटावर भांडायला कुणी उरेना म्हणून मीही आले.

खोली छान आहे. खिडकीत आंब्याची फांदी येते. घरमालकीण बेनिंग विधवा, पन्नाशीची, एकटीच राहते. दुपारचा स्वयंपाक मी करायचा असं ठरलं. मला आईच्या मानाने नानाय म्हणते. माझी मासळी चाखून म्हणाली, नानाय पासिंग, आंबट कमी आहे. मी म्हटलं, तुझ्या चेहऱ्यावर आहे तेवढं पुरे. हसली. जमेल आमचं.

ही वही निंगनिंगने दिली. आजीला आमच्याकडे लोला म्हणतात. म्हणाली, लोला, दिवसभराची कुरकुर हिच्यात लिही, माझे कान सुटतील. मी तिसरीपर्यंत शिकले. अक्षर कोंबडीच्या पायांचं आहे. कुणाला वाचायचंय?

७ मे

बेनिंग जेवताना एक ताट जास्त मांडते. आज विचारलं. मासे साफ करता करता तिने सांगितलं, डोळा ओला न करता. मला ते आवडलं.

ताट तिच्या मुलीचं, डेलियाचं. गेल्या वर्षी तिचा विसावा वाढदिवस होता. भर दुपार, घर पाहुण्यांनी भरलेलं, सरबताचा बर्फ संपला. पोरगी जेवता जेवता उठली, चपला घातल्या आणि बर्फ आणायला गेली. दुकान पाच मिनिटांवरही नाही. दुकानाकडून येताना मधे चार घरं : शिंप्याचं, दातांच्या डॉक्टरचं, दोन बहिणींचं आणि एक बंद. बर्फवाला शपथेवर सांगतो, पोरीने पिशवी घेतली आणि घराकडे वळली. पिवळा झगा होता. पुढे कुणी पाहिली नाही. पोलिसांनी विहिरी धुंडाळल्या, बोटी पाहिल्या, बर्फवाल्याची पेटी दोनदा उपसली. चप्पलसुद्धा मिळाली नाही.

१० मे

निंगनिंगला एकला बेकरीत पोचायचं असतं, म्हणून ती रोज अर्ध्या भातावरून उठते. ती उठली की बेनिंग आपलं ताट टेबलावर एकदा गोल फिरवते. जाणारा वाटेत सुखरूप राहावा म्हणून आमच्याकडे सगळेच फिरवतात. मी नाही. नवरा शेवटचा दर्यावर गेला तेव्हा मी तीनदा फिरवलं होतं. बोट परत आली, तो आला नाही. त्याला तीस वर्षं झाली. तेव्हापासून माझं ताट फक्त जेवायला.

निंगनिंग चिडवते, लोला, तुझ्यामुळे माझा पाय मोडेल बघ. मी म्हटलं, मोडला तर घरात तरी बसशील.

१३ मे

निंगनिंग म्हणते, जाताना मागे चपला वाजतात, शिंप्याच्या घरापाशी. वळून पाहिलं तर कोणी नाही. म्हटलं, गावात आलीस, पोरं मागे लागणारच. ती हसली नाही.

१५ मे

आज चपला डॉक्टरच्या घरापाशी. पिशवीत बर्फ खुळखुळल्यासारखा आवाज, म्हणते. मी तिला रागावले. बेनिंग मात्र पुन्हा पुन्हा विचारत राहिली, नक्की कुठल्या घरापाशी? नक्की?

१७ मे

फाटकाच्या आत पाणी. दुपारी, कडक उन्हात, एका पावलाएवढं डबकं. बोट लावलं तर हाडापर्यंत गार. मी ते पुसलं. पुन्हा झालं.

निंगनिंग जेवणावरून उठली तेव्हा मी तीस वर्षांनी ताट फिरवलं. बेनिंगने पाहिलं. तिचा चेहरा असा पडला की जणू मी तिच्या तोंडातला घास काढला.

२० मे

रोज फिरवते आहे. चपला बंद. डबकं नाही. बेनिंग जेवत नाही, नुसती रस्त्याकडे बघत बसते. आज म्हणाली, निंगनिंगचा वाढदिवस आपण मोठा करू. तिच्या तोंडून मोठा हा शब्द मला आवडला नाही.

२३ मे

आज निंगनिंगचा वाढदिवस होता.

बारा जण होते. शेवया अखंड वाढल्या, आयुष्य लांब व्हावं म्हणून. बर्फ संपला. मी म्हटलं, मी जाते. तोवर निंगनिंग दारात. म्हणाली, लोला, तुझ्या गुडघ्यांनी आणलास तर पाणीच पोचेल. सगळे हसले. सगळ्यांनी ताटं फिरवली. मीही हात घातला —

बेनिंगने दोन्ही पंजे माझ्या ताटावर दाबले. कानाशी म्हणाली, आज नाही, नानाय. मी ओढलं. शेवया मांडीवर सांडल्या. पाहुण्यांना वाटलं, म्हाताऱ्या मस्करी करताहेत.

अर्धा तास झाला. पाहुणे शोधायला बाहेर पडले. टेबलाशी आम्ही दोघीच. फाटक वाजलं. चपला. बर्फ. मी म्हटलं, आली गं माझी —

पिवळा झगा होता.

२४ मे

डेलिया पलंगावर बसते. अंगातून पाणी ठिबकतं. पिशवीतला बर्फ वितळत नाही. एकच विचारते, केक कापला का? चारच घरं तर चालले, म्हणते.

हवालदार आला. बेनिंग म्हणाली, पोरीचं कुणाशी तरी जमलं असेल, पळाली. मी त्याला ओढत खोलीत नेलं. डेलिया समोर बसलेली. त्याला फक्त ओली चादर दिसली. म्हणाला, छप्पर दुरुस्त करून घ्या.

२८ मे

बर्फवाला शपथ घेतो. निंगनिंगने पिशवी घेतली, घराकडे वळली.

दुपारी चपला ऐकल्या. दुकानापाशी. निंगनिंगच्या डाव्या चपलेचा पट्टा तुटका आहे, पाय ओढते. फट, सर्र. फट, सर्र. धावत गेले. रस्ता रिकामा.

३ जून

बेनिंगने सांगितलं. गेल्या वर्षी झग्यावरून भांडण झालं होतं, त्या रागात तिने एकटीनेच ताट फिरवलं नव्हतं. मग मी आले. माझं ताट जागचं हललं नाही की डेलिया एकेक घर पुढे यायची. मी फिरवायला लागले आणि ती थांबली. म्हणून वाढदिवसाला तिने माझं ताट धरलं : एक जाते, तेव्हा एक येते.

मी तिच्या तोंडावर थुंकले. पुसून म्हणाली, मीही थुंकले असते, नानाय. आणि मग जेवायला बसले असते. तुमच्या शेजारची खोली मी एका मुलीला दिली आहे.

९ जून

हासिंता. शाळेत शिकवते. मी सांगितलं, पळ इथून, घर वाईट आहे. तिला वाटलं, म्हातारी दुःखाने खुळावली. माझी नखं कापून दिली. हळू हळू, एकेक.

१५ जून

हासिंता जेवणातून उठली की मी ताट फिरवते. चपला शिंप्याच्या घरापाशीच.

काल फिरवायला विसरले. आज डॉक्टरच्या घरापाशी.

विसरले नव्हते.

१९ जून

दोन बहिणींच्या घरापाशी.

उद्या हासिंताचा वाढदिवस. शेवया मीच करणार —

२० जून

वही मांडीवर. टेबलाशी दहा जण. बर्फ संपला. बेनिंगने संपवला.

हासिंता उठली. थांब म्हणायचं, ते वहीत लिहिते आहे.

ताटं फिरली. माझं सोडून सगळ्यांची.

बाहेर फट, सर्र. बंद घरापाशी. आता फाटकाशी. लोला, उघड, म्हणते. निंगनिंगचाच आवाज. बोट लागल्यासारखा, दमलेला —

हासिंता दारात चपला घालते आहे. म्हणाली, लोला, तुमचं राहिलं. फिरवा ना.

बेनिंगचे हात स्वतःच्या मांडीवर आहेत. आज ती माझं ताट धरत नाही.

ताटावर हात माझाच. मी तो —