रिकाम्या नळीतली साखर

३ मार्च, सोमवार

परत लाल! नळीत गवताचा एक कण नाही, तरी साखर ओळखायचं पिवळं द्रावण घालून उकळल्यावर विटेसारखी लाल झाली. म्हणजे साखर आहे. कुठून आली? डोकं आपटून घ्यावंसं वाटतंय.

आईला समजावलं होतं तेच इथे लिहिते, म्हणजे माझंही डोकं ठिकाणावर येईल. गाईला स्वतःला गवत पचत नाही. तिच्या पोटात कोट्यवधी बारीक जीव राहतात — प्रोटोझोआ. माझं म्हणणं, गवतातलं चिवट सेल्युलोज तोडून त्याची साखर करणारं एन्झाइम त्यांचं स्वतःचं आहे. बाकीचे म्हणतात, छे, ते त्यांच्या सोबतच्या बॅक्टेरियांचं. म्हणून मी बॅक्टेरिया औषधाने मारते, प्रोटोझोआ चिरडते आणि तो रस दोन नळ्यांत घालते. एकीत गवताची पूड. ती लाल व्हायला हवी. दुसरीत नुसता रस. ती पिवळीच राहायला हवी. राहत नाही! मग पहिलीच्या लाल रंगाला काय अर्थ उरला?

आई म्हणाली, "गाईच्या पोटात किडे? अगं मग जनावरांच्या डॉक्टरला दाखव की!"

४ मार्च, मंगळवार

सरांनी दार लावून घेतलं. "महिनाअखेरपर्यंत रिकामी नळी पिवळी दाखव. नाहीतर गाय यादीत टाकतो." यादी म्हणजे ट्रक. ट्रकमधून गेलेलं जनावर परत आलेलं मी पाहिलेलं नाही. आणि पोटातला नमुना काढायला कुशीला झाकण बसवलेली म्हातारी गाय दुसरं कोण घेणार? बाईसाहेब म्हणते मी तिला. बाईसाहेब गेल्या की माझ्या संशोधनाची पाच वर्षंही गेली.

७ मार्च, शुक्रवार

सकाळी सातला गोठ्यात. तेवढाच दिवसातला बरा वेळ. बाईसाहेब पूर्वी झाकणाला हात लावला की लाथा झाडायच्या. आता आईच्या कॅन्टीनमधून पावाच्या कापलेल्या कडा पिशवी भरभरून आणते. सरळ सरळ लाच! त्या चघळत उभ्या राहतात, मी सामान मांडते, थर्मास गरम पाण्याने विसळते, गप्पा मारते. अर्धा तास कुठे जातो कळत नाही. मग खांद्यापर्यंत हातमोजा चढवून झाकणातून आत हात. त्या मान वळवून माझ्या दुसऱ्या हाताचा कोपर चाटतात. त्यांना निकाल विचारायचा नसतो.

रिकामी नळी: लाल.

१० मार्च, सोमवार

लाल. डबा तसाच परत आणला.

१२ मार्च, बुधवार

सापडलं! प्रोटोझोआंवर आयोडीनचा थेंब टाकून पाहिलं — सगळे निळेकाळे. स्टार्च! पोटं पिठाने टच्च भरलेली! चिरडलं की तेच पीठ तुटून साखर होते आणि माझी नळी लाल.

पण बाईसाहेब तर नुसत्या वाळल्या गवतावर आहेत. कागदावर तसंच आहे. मग कोणीतरी चोरून दाणा चारतंय. गोठ्याची किल्ली माझ्याशिवाय एकाकडेच असते. गोठेकाकांकडे.

१३ मार्च, गुरुवार

"काका, हिला दाणा कोण घालतं?"

"कोणी नाही ताई. वाळलं गवत आणि पाणी. तीस वर्षं हेच करतोय."

मी आवाज चढवला. नको ते बोलले. माझ्या जिवावर उठलात, असंही म्हणाले. काकांनी झाडू भिंतीला टेकवला. म्हणाले, "तिच्या तोंडात काय काय जातं, ते तुम्हीच एकदा उभं राहून बघा."

चोर तो चोर, वर मलाच शहाणपण! तडक सरांकडे गेले.

१७ मार्च, सोमवार

काकांना कोंबड्यांच्या शेडवर पाठवलं. जाताना बाईसाहेबांच्या गळ्याखाली खाजवत बराच वेळ उभे होते. त्यांच्याकडची किल्ली माझ्या हातात दिली. मला वाईट वाटलं. पण मी तरी काय करू? दोनच आठवडे उरलेत. आता गवत मीच घालते.

घरी आई तापाने फणफणलीय. कॅन्टीन बंद. आज पिशवीशिवायच गेले.

२० मार्च, गुरुवार

पिवळी!!!

तीनदा केलं. तिन्ही वेळा रिकामी नळी पिवळी, गवताची लाल. आयोडीन टाकलं तरी निळं काही नाही. एन्झाइम प्रोटोझोआंचंच! बाईसाहेबांनी अशी लाथ घातली की मांडीवर हा एवढा डाग उठलाय, तरी मी हसत होते. मग थर्मास धुता धुता रडले.

सर म्हणाले, "बघितलंस? माणूस हलवला आणि निकाल आला." अहवालातही तसंच: 'गोठ्यातील कर्मचाऱ्याने नियमबाह्य खाद्य दिल्यामुळे आधीचे निकाल बिघडले.' टाइप मीच केलं. खाली सही माझीच. बाईसाहेबांचं नाव यादीतून काढलं.

२४ मार्च, सोमवार

आई उठली, कॅन्टीन सुरू झालं. बाईसाहेब आज कशा शहाण्यासारख्या उभ्या राहिल्या! लाथ नाही, काही नाही. निकाल आहेच, तरी खात्रीसाठी अजून एक नमुना घेतला.

लाल.

रिकामी नळी लाल. आयोडीन टाकलं, निळंकाळं. काका तिकडे कोंबड्यांत. दोन्ही किल्ल्या आठवडाभर माझ्याच खिशात. गोठ्यात दुसरं कोणी आलेलं नाही.

२५ मार्च, मंगळवार

पिशवी पुढ्यात घेऊन बसलेय. तळाला पावाचा चुरा आहे. पाव म्हणजे पीठच. दोन वर्षं रोज सकाळी मीच चारत होते.

सरांकडून अहवाल परत मागायचा आहे. त्याच्या आधी कोंबड्यांच्या शेडवर जाते.