बिनधुराची चूल

२ फेब्रुवारी १९७३, शुक्रवार

सोसायटीच्या गोडाऊनला पुन्हा मिलो आला. अमेरिकेची ज्वारी, लाल. दुष्काळात मिळतंय ते गोड मानावं, तर गावाची तोंडं वाकडी. थापली की भाकर चिरते, उचलली की तुकडे होतात, ही तक्रार. त्रिंबक तर भर मीटिंगमध्ये म्हणाला, सेक्रेटरी, ह्यो दाना मान्सानं कावून खायचा? मी उभं राहून सुनावलं, दोष दाण्याचा नाही, तुमच्या बायकांचा आहे. माझ्या घरी दोन महिने मिलोचीच भाकर आहे. मऊ, पातळ, पदर सुटलेली.

शिवाय आमच्या अंगणात धूर म्हणून दिसत नाही. चूल पेटलेली मी तर पाहिलीच नाही, तरी दुरडीत भाकर गरम. याला म्हणतात काटकसर! हेही मीटिंगमध्ये सांगितलं. लोक एकमेकांकडे बघून हसले. अज्ञान.

रात्री बायकोला, शिवकांताला, रीत विचारली. म्हणाली, सांगते, पर समदं ऐकून घ्यावं लागंल. समदं ऐकायला वेळ नव्हता.

५ फेब्रुवारी, सोमवार

कल्पना सुचली. येत्या रविवारी गोडाऊनच्या ओसरीवर मिलोची पंगत. घरटी एक पदार्थ. केजहून सहकार खात्याचे साहेब येणार, तेच नंबर काढणार. मल्लिकार्जुनअप्पा पाडव्याला चेअरमनपद सोडताहेत. साहेबांसमोर माझ्या घराचा पहिला नंबर आला, की त्या खुर्चीवर दुसरं कोण बसणार?

नियम मीच केला: रिकाम्या हाताने येणाऱ्याला पंगतीत जागा नाही. दवंडी दिली.

आश्रुबा गुरुजींच्या घरीही स्वतः जाऊन आमंत्रण दिलं. मी जातपात मानत नाही. सहकारात ती बसतच नाही. फक्त माझं पोट पहिल्यापासून घरच्याच हाताचं आहे, त्याला इलाज नाही. गुरुजींच्या पत्नी दगडाबाई पाणी घेणार का म्हणाल्या. गावात पाणी टिकलेली विहीर तेवढी त्यांच्याच दारात. तहान नाही म्हणालो. होती.

७ फेब्रुवारी, बुधवार

परसातला जळणाच्या पऱ्हाट्यांचा ढीग निम्म्यावर आला. आमची चूल तर पेटत नाही. म्हणजे चोर! पहाटे उठून पकडायचं ठरवलं आहे.

८ फेब्रुवारी, गुरुवार

डोळा लागला. ढीग आणखी खाली. शिवकांताला चोराचं सांगितलं तर पदर तोंडाला लावून आत गेली. घाबरली बिचारी.

९ फेब्रुवारी, शुक्रवार

शिवकांता म्हणते, मी पंगतीत भाकर ठेवणार न्हाई. का, तर ती माझ्या एकलीची न्हाई. किती हा विनय! बहुधा देवाचं नाव घेत असावी. मी म्हणालो, राहू दे, मीच करतो. पुरुषाने मनावर घेतलं तर स्वयंपाक म्हणजे काय मोठं.

१० फेब्रुवारी, शनिवार

पहिली भाकर परातीतच चिरली. परात वाकडी आहे.
दुसरी तव्यावर चार ठिकाणी. तवा जुना.
तिसरी हातातून निसटून राखेत. पिठाला विरीच नाही, चिकटतच नाही. हे अमेरिकेला कळवायला हवं.

धुराने डोळे सुजले. शिवकांता दारातून म्हणाली, पीठ उकळत्या पान्यात भिजवावं लागतंय, लई येळा सांगितलं. मी म्हणालो, आधी का नाही सांगितलंस? तुकडे बैलापुढे टाकले. बैलाने वास घेतला आणि मान वळवली. तोही त्रिंबकाच्या बाजूचा.

तरी काळजी नाही. उद्या दुरडीतली भाकर उचलून ठेवायची. घरची ती माझीच.

११ फेब्रुवारी, रविवार

लिहावंसं वाटत नाही. थोडक्यात लिहितो.

पंगत भरली. घुगऱ्या, आंबील, गुळाच्या कण्या, काय काय आलं होतं. मी भाषण केलं, माझ्या घरची बिनधुराची चूल वगैरे. मग दुरडीवरचं फडकं काढलं. साहेबांनी भाकर बघितली. शेजारच्या भिवराबाईच्या टोपल्यातली बघितली. तिसऱ्या घरची, चौथ्या घरची. सगळ्या एकाच परातीतून उतरलेल्या. तेवढ्याच रुंद, कडेला तीच बोटं. साहेबांनी विचारलं, ही भाकर नेमकी कुणाची?

मग दगडाबाई उठल्या. म्हणाल्या, हात माजे हायेत सायेब. पानी आमच्या हिरीचं. पऱ्हाट्या शिवकांताबाईच्या. दळन भिवराबाईचं. दुष्काळात घरोघर कावून जाळायचं? दोन म्हैने झाले, एकच चूल पेटती.

शिवकांताने होय म्हणून मान हलवली. सगळ्या गावासमोर.

साहेब म्हणाले, मग खरी सोसायटी ही. टाळ्या झाल्या. मीही वाजवल्या. काय करणार!

म्हणजे दोन महिने. रोज दोन वेळा. आणि मी त्यांच्या दारात पाणी नाकारलं होतं. लाज वाटली. पोट मात्र काहीच म्हणत नाही.

१२ फेब्रुवारी, सोमवार

सकाळी दुरडी रिकामी. शिवकांता म्हणाली, तुमचाच नेम हाय, रिकाम्या हातानं जागा न्हाई.

दुपारपर्यंत स्वाभिमानाने बसलो. मग घागर घेऊन गुरुजींच्या दारी गेलो. विहीर खोल, पाणी तळाला. ओढता ओढता हाताला फोड आला, निम्मं पाणी धोतरावर. मी आधी तांब्याभर पाणी मागून प्यालो. मग चुलीपुढे बसवून दगडाबाईंनी भाकर वाढली, वर शेंगदाण्याची चटणी. शिवकांता पऱ्हाट्या सारत होती. भाकर तीच. घरची.

दुसरी मागितली. दगडाबाई म्हणाल्या, आदी दुसरी घागर.