कोपऱ्यातलं ग्रहण

ता. ३ मार्च

ती. ताईस,
धाकट्याचा शि. सा. न. वि. वि.

तुझ्या पत्राची वाट बघून थकलो आणि शेवटी मीच लिहायला बसलो. संग्रहालयाने आपल्या मागावर गालिचा विणायला दिला आहे, तोही आजोबांच्या नक्षीचा. संग्रहालयाचे एक संशोधक गालिच्यांचा इतिहास लिहिताहेत. रोज भिंग घेऊन मागापुढे बसतात आणि गाठी मोजताना मला चुकवतात. दरबारी कारखाने, मग तुरुंगातले माग, मग आपल्यासारखी घरं, सगळं त्यांना तोंडपाठ आहे. आजोबा तुरुंगात विणकाम शिकवायला जायचे असं मी सांगितलं, तर त्यांनी वहीत 'आजोबा तुरुंगात होते' एवढंच लिहून घेतलं.

नक्षीच्या कागदावर वरच्या कोपऱ्यात ते तपकिरी कडं आहे ना, त्यावर त्यांची बावीस पानं लिहून झाली आहेत. तो म्हणे ग्रहण लागलेला चंद्र, चारशे वर्षांपूर्वी कारागिरांबरोबर आलेला. दालनाचं नावही 'ग्रहण दालन' ठरलंय. मी चाळीस वर्षं ते बांधतोय, मला आपलं कडंच वाटायचं. आजोबांचा नियम तुला ठाऊकच आहे: कागदावर असेल ते बांधायचं, आपली अक्कल पाजळायची नाही.

गुडघ्यांना जप. धाकट्यावर माया आहेच, ती पत्रातूनही दिसू दे.
तुझा धाकटा

ता. ११ मार्च

चि. धाकट्यास अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र वाचून हसावं की रडावं कळेना. अरे, ते ग्रहण नाही. तो माझा कप आहे.

मी आठ वर्षांची होते. आजोबा मागावर ताण्याचे उभे दोरे लावत होते, मी त्यांचा चहा घेऊन आले. तेवढ्यात मांजरीने लोकरीच्या गुंड्यावर झडप घातली. तिला हाकलायला मी कप दिसेल तिथे टेकवला, तो नेमका कागदावर. उचलला तर खाली हे कडं. मी त्यावर उशी ठेवून पळ काढला. नंतर आजोबा बराच वेळ कागदापुढे बसलेले मी दारातून पाहिले, पण माझी जीभ काही उचलली नाही.

पुढच्या गालिच्यात कडं उमटलं, मग प्रत्येकच गालिच्यात. मला बघायला आले त्यांच्या घरीही आपलाच गालिचा निघाला. पुढे सून म्हणून गेले तेव्हा वर्षभर मी त्या कोपऱ्यावर पाय ठेवून बसायचे. घरच्यांना वाटलं, सून फार लाजाळू आहे. आजोबांची नक्षी मी नासवली आणि ते गेले तरी त्यांना सांगितलं नाही, हे साठ वर्षं मला खातंय. आता तू तरी ते बांधू नकोस.

रागावू नकोस, आणि रागावलास तरी लिहीत राहा.
तुझी ताई

ता. २० मार्च

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

संशोधकांना सगळं सांगितलं. मला वाटलं, बिचारे खचतील. पण त्यांना आनंदच झाला. कप ही म्हणे एखाद्या पवित्र पात्राची लोकांनी जपलेली आठवण. नऊ पानं वाढली आहेत आणि त्यात तू 'माहिती देणारी वृद्धा' आहेस. कप शिल्लक असेल तर पाठव म्हणाले.

माझी मात्र पंचाईत झाली आहे. गालिचा वीतभर उरलाय आणि कोपरा समोर आलाय. कडं बांधलं तर तुला दुखावतो, सोडलं तर आजोबांचा शब्द मोडतो. चार दिवस माग बंद आहे. जन्मात पहिल्यांदा अक्कल वापरायची वेळ आली आणि सवय नाही.

काय करू ते कळव. लहानपणी टपल्या मारून सांगायचीस तसं सांगितलंस तरी चालेल.
तुझा धाकटा

ता. २८ मार्च

चि. धाकट्यास आशीर्वाद.

कप पाठवते आहे. कान तुटलाय, पण टाकून देववला नाही. त्यांना कागदावर ठेवून बघू दे म्हणजे डोळे उघडतील. तो कोपरा कोराच ठेव. माझी चूक लोकरीत किती गुंडाळायची?

माया आहे तेवढीच आहे, काळजी नको.
ताई

ता. ९ एप्रिल

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

कप कड्यावर तंतोतंत बसला. संशोधकांनी भिंग खाली ठेवलं, मला वाटलं सुटलो. मग त्यांनी कप उचलला, पुसला आणि संग्रहालयात नेऊन काचेच्या पेटीत ठेवला. खाली चिठ्ठी आहे, 'ग्रहणपात्र, कान भग्न'.

पण त्यांचे उपकार मानायला हवेत. माप घेताना त्यांनी कागदाच्या मागे चिकटवलेलं जुनं फडकं वाफेवर सोडवलं. खाली आजोबांच्या हातची रंगांची यादी निघाली. पानं हिरवी, फुलं डाळिंबी, काठ निळा. शेवटची ओळ जशीच्या तशी उतरवतो: 'कडं चहाच्या रंगात. थोरलीने ठेवलं आहे. घाबरली आहे, कोणी विचारू नये. बांधावं.'

ताई, मला पुढचं दिसेना. संशोधकांनीही ओळ वाचली. थोरली ही बहुधा एखादी देवी असावी, असं त्यांचं मत पडलं. मी वाद घातला नाही. मागावर बसलो आणि कडं बांधून पूर्ण केलं.

आता तरी पाय उचल त्या कोपऱ्यावरून.
तुझा धाकटा

ता. १५ एप्रिल

चि. धाकट्यास भरभरून आशीर्वाद.

पत्र तीनदा वाचलं आणि तिन्ही वेळा रडले. आजोबांना पहिल्या दिवसापासून माहीत होतं, आणि मी साठ वर्षं उशीच धरून बसले.

रविवारी सकाळी पोचते. तो कप पेटीतून काढून, धुऊन ठेव. संशोधकांनी हरकत घेतली तर सांग, देवी स्वतः येते आहे आणि तिला चहा लागतो.

तुझी,
थोरली