चार मोठी, एक लहान

ती. दादास साष्टांग नमस्कार (साष्टांग फक्त कागदावर, कंबर धरली आहे). तुझा गुडघा कसा आहे? वहिनी तुला शिडीवर चढू देत नसतीलच, त्यांनाही नमस्कार.

"शब्द चुकू दे गं, बटण चुकता कामा नये," असं आई आपल्या बटणांच्या दुकानात मला म्हणाली होती, ते हल्ली रोज आठवतं. गिऱ्हाइकांच्या चिठ्ठ्या वाचून मी हसत होते तेव्हा. (हसत तूही होतास, पण ओरडा मलाच.) आता माझी नोकरीच ती आहे. आमच्या ऑनलाइन दुकानात लोक शोधायच्या चौकटीत काहीबाही लिहितात. ते नावगाव पुसून माझ्यासमोर येतं आणि यंत्राने ज्या शब्दाखाली लाल रेघ ओढली तो खरंच चुकलाय का, हे मी ठरवायचं. गेल्या आठवड्यात साहेबीणबाईंनी बोलावलं. "तुम्हाला चुका शोधायला ठेवलंय, आणि आठवडाभरात एकही सापडली नाही?" मी म्हटलं, "काय हवंय ते कळलं, की चूक दिसतच नाही हो." त्यांनी मला पाणी दिलं.

म्हणून सोमवारी डोळ्यांत तेल घालून बसले, तर समोर आलं, "पांढरी बटने चार मोठी एक लाहान लौकर पाठवने. कळावे." यंत्राने रेघांची रांगोळी काढली होती. शेजारची म्हणाली, "अगबाई, हे शोधतायत की पत्र लिहितायत?" मी मात्र तुला ओळखलं. त्या चौकटीत 'कळावे' लिहिणारा माणूस जगात एकच. शिवाय सगळ्यात खालचं बटण लहान, ही आईने तुझ्यासाठीच काढलेली युक्ती, लहानापासून लावायला घेतलं की शर्ट वरखाली होत नाही. (तिसरीपर्यंत तू एक बटण चुकवून शाळेत जायचास.)

चहा घेताना मात्र कप तसाच खाली ठेवला. बटणांच्या दुकानाचा मालक बटणं बाहेर कशाला शोधेल? फोनवर तर तू "दुकान झोकात चाललंय" म्हणतोस. दादा, खण रिकामे झाले का रे? मला ते अजून पाठ आहेत. आई ते रंगाप्रमाणे लावायचीच नाही, माणसांप्रमाणे लावायची. मास्तरीणबाईंचा खण, मिशीवाल्या शिंप्याचा, सारखी बटणं तोडणाऱ्या जुळ्यांचा. आणि नऊ वर्षांच्या मी, तुम्हाला खूश करायला, एका दुपारी सगळी बटणं रंगाप्रमाणे लावून ठेवली! दोन दिवस तुम्ही जमिनीवर बसून निवडत होतात. आई हसत होती. तू मात्र त्यानंतर मला काउंटरच्या आत येऊ दिलेलं नाहीस.

कळावे (बघ, मलाही सुटत नाही).

तुझी धाकटी

ता. क. तुझ्या ओळीवर मी 'सर्व शब्द बरोबर' असा शेरा मारला. साहेबीणबाईंनी पुन्हा पाणी दिलं.

ता. क. २ : बटणं सोबत आहेत. माझ्या जुन्या पांढऱ्या सदऱ्याची काढली, आईनेच लावलेली. सदरा तसाही अंगात शिरत नाही.

ता. क. ३ : दुकान बंद करायचा दिवस ठरवलास, तर त्या दिवशी मला काउंटरच्या आत बसू देशील? नाही म्हणशील, ठाऊक आहे. पण मी हाताची घडी घालून बसेन. एकाही खणाला हात लावणार नाही.