वेताच्या खुर्चीसंबंधी खुलासा

तीर्थस्वरूप ताईंना, गुडघे परवानगी देतील तितके वाकून नमस्कार.

मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेनंतर आपण पुन्हा वाचू लागलात हे कळले, म्हणून अक्षर मुद्दाम मोठे काढले आहे. (त्यामुळे पत्र लांब वाटेल, मजकूर बेताचाच आहे.) माझे सर्व उत्तम चालले आहे, काळजी नसावी. आपल्या धाकट्या बहिणीची वेताची खुर्ची आठवण म्हणून आपणांकडे पाठवण्याचे मी कबूल केले होते. टेम्पोही ठरला होता. ती अद्याप का निघाली नाही, याचा खुलासा करणे माझे कर्तव्य आहे.

आपली नात वसतिगृहातील गोंगाटाला कंटाळून परीक्षेपुरती माझ्याकडे आली, तेव्हा तिच्याकडे लक्ष ठेवण्याचे आपण मला बजावले होते. शरीरशास्त्राच्या पेपरात ती एकदा नापास झालेली; पुन्हा तसेच घडल्यास वर्ष वाया जाणार, हा तिला घोर. जन्मभर पूल बांधलेल्या माणसाला एक मुलगी पलीकडे पोहोचवणे अवघड नाही, अशा समजुतीने मी वेळापत्रक आखून स्वयंपाकघराच्या दारावर लावले. त्यात मन प्रसन्न ठेवण्यासाठीही वेळ राखून ठेवला होता आणि त्या वेळात मी तिच्यापुढे मानसिक ताणाच्या दुष्परिणामांवर बोलत असे. परिणामी तिची भूक गेली.

इतर विद्यार्थी हा ताण कसा सोसतात, याची मी चौकशी केली. तिच्या वर्गातील एक जण धुतलेले कपडे पुन्हा धुतो. एक मुलगी प्रत्येक पेपरच्या आधी केस कापून घेते (आता कापण्याजोगे फारसे उरलेले नाहीत, असे कळते). तिसरा आईला फोन लावून उगाच भांडतो, आणि आईही परीक्षा जवळ आल्याचे ओळखून मनापासून भांडते. यांपैकी एकही लक्षण आमच्या घरी दिसेना, म्हणून मी अधिकच चिंतेत होतो.

अशात एके दुपारी मी बाहेरून परतलो, तर आतल्या खोलीतून आवाज आला, "मावशीआजी, समज, तुझी मूत्रपिंडं बंद पडली. आता काय होईल सांग." मी दाराच्या फटीतून पाहिले. खोलीत दुसरे कोणी नव्हते. समोर फक्त ती खुर्ची, जिच्यावर ही गेल्यापासून मी कोणालाही बसू दिलेले नाही (मांजरालाही नाही). अभ्यास मुलीच्या डोक्यात गेला, असे ताडून मी तसाच मागे फिरलो आणि शेजारच्या डॉक्टरांना घेऊन आलो.

डॉक्टरांनी तिला तपासले. ती ठणठणीत निघाली. मग त्यांनी माझा रक्तदाब मोजला आणि माझ्याच नावाने औषध लिहायला घेतले. लिहिण्यासाठी ते त्या खुर्चीवर टेकणार, इतक्यात मी आणि आपली नात एकाच वेळी म्हणालो, "तिथे नको." डॉक्टर अर्धे वाकले होते, ते तसेच थबकले. बिचाऱ्यांनी चिठ्ठी उभ्याने पुरी केली.

ते गेल्यावर मी या प्रकाराचा अर्थ विचारला. ती म्हणाली, "सुट्टीत यायचे ना, तेव्हा मी मावशीआजीलाच धडे समजावून सांगायचे. तिला काही कळायचं नाही, आजोबा. ती नुसती हं म्हणायची. पण तिला सांगताना मी जिथे अडखळायचे ना, तिथेच माझं चुकलेलं असायचं."

यावर मी स्टूल आणले, खुर्चीशेजारी बसलो आणि ऐकण्याची तयारी दर्शवली. माझी सुरुवात वाईट झाली. मी शंका काढल्या, उच्चार सुधारले आणि मूत्रपिंडाची तुलना जलशुद्धीकरण केंद्राशी करून दाखवली. "आजोबा, तुम्ही मध्ये फार बोलता," असा शेरा मिळाला. हं म्हणणे दिसते तितके सोपे नाही, ताई. लवकर म्हटले तर लक्ष नाही असे वाटते, आणि उशिरा म्हटले तर डोळा लागल्याचे उघड होते.

त्या सरावातच एक गोष्ट माझ्या ध्यानात आली. नोकरीच्या सबंध काळात मी रोज संध्याकाळी याच खुर्चीसमोर येरझाऱ्या घालत, तीत बसलेल्या आपल्या बहिणीला पुलांचे खांब आणि त्यांवरचे भार समजावून सांगत असे. ती भाजी निवडत हं म्हणे. मध्येच मी थांबत असे, टेबलाकडे धावत असे, आणि आराखड्यातली चूक मला सापडत असे. मी समजत होतो की, मी तिला ज्ञान देतो आहे. ते सगळे पूल आजही उभे आहेत आणि माणसे त्यांवरून निर्धास्त ये-जा करतात. त्याबद्दल कोणाचे आभार मानायचे, हे मला आता कळले. आपण ही मुलगी माझ्याकडे पाठवलीत म्हणून कळले. मी आपला मनापासून ऋणी आहे.

नात पास झाली. मूत्रपिंडावरच मोठा प्रश्न होता; परीक्षागृहातही ती मनातल्या मनात खुर्चीलाच उत्तर सांगत होती म्हणे.

आपल्या धाकट्या बहिणीचा नवरा, म्हणून आपला कायमचा आज्ञाधारक.

ता. क. : पुढचे सत्रही इथूनच करण्याचे आपल्या नातीने ठरवले आहे, सबब खुर्ची पाठवता येणार नाही. टेम्पोवाल्याला मी नकार कळवला आहे. खुर्ची तिकडे नेण्याऐवजी आपणच इकडे यावे, ही विनंती. स्टुलावर उशी घातली आहे.

आणखी एक : पाकीट बंद करण्यापूर्वी हे पत्र मी खुर्चीसमोर मोठ्याने वाचून पाहिले. सुरुवातीच्या "माझे सर्व उत्तम चालले आहे" या वाक्यावर अडखळलो. खोडाखोड करण्याची मला सवय नाही, म्हणून ते तसेच ठेवले आहे. आपण कृपया दुरुस्त करून वाचावे.