मितूची पट्टी

१२ जाने.
मितू अडीच महिन्यांची. वजन ३ किलो २००. दूध पिताना डोकं घामाने ओलं, चार घोटांत धाप. डॉ. म्हणाले, हृदयाच्या पडद्याला बरीच छिद्रं आहेत, फुप्फुसात नको तेवढं रक्त जातंय. छिद्रं आत्ता बुजवता येणार नाहीत, पोर फार लहान. आधी फुप्फुसाकडे जाणाऱ्या नळीला पट्टी बांधून ती आवळायची.
घरी बायकोला, सुजाताला एवढंच सांगितलं, पट्टी बांधणार आहेत. छाती उघडणार, हे गिळलं. तिला हायसं वाटलं.

१९ जाने.
ऑपरेशन झालं. वडप्याला गोडाऊनमध्ये मी दिवसभर खोक्यांना पट्ट्याच मारतो. जास्त ओढली तर खोका चेपतो, ढिली राहिली तर माल सुटतो. डॉ. म्हणाले, आमचंही तसंच. फक्त माझा खोका चेपला तर दुसरा मिळतो.
सुजाताने काचेतून मितूची छाती पाहिली. "पट्टी बोललात ना तुम्ही मला?" भित्रा आहे मी.

२ फेब्रु.
कामतघरला घरी आलो. मितूचा श्वास शांत, दूध ओढते. ऑक्सिजन ८५. डॉ. म्हणतात, हिला तेवढाच बरा.
आता बायकोपासून काही लपवायचं नाही. सगळं सांगितलं. पोर वाढेल, पट्टी वाढणार नाही, म्हणजे आवळत जाईल. ओठ निळे पडायला लागले की छिद्रं बुजवायचं मोठं ऑपरेशन. त्या ऑपरेशनला वजन लागतं, हे बोललो की नाही, आठवत नाही.

२ मार्च
तपासणी. महिनाभरात वजन जेमतेम शंभर ग्रॅम वाढलं. पट्टी ठीक आहे, मग का? दूध किती वेळा, डॉ.नी विचारलं. सुजाता मितूचं दुपटं नीट करत बसली. परतताना रिक्षात बोलली.
"पोट भरायच्या आत काढून घेते. वाढली की पट्टी आवळणार, तुम्हीच बोललात."
महिनाभर पोर भुकेने रडत होती आणि मी समजत होतो, टाके दुखतायत. ओरडलो सुजातावर, रिक्षावाल्यासमोर. नंतर लाज वाटली. आधी अर्धं सांगितलं, मग पुन्हा अर्धंच.

३ मार्च
सकाळी वजनाचं नीट समजावलं. ड्युटीला गेलो नाही. सुजाता मितूला घेऊन बसली, पण पाजताना मध्येच थांबली.
"आणि निळी पडली तर?"
"पडेल. तेव्हा पळायचं."
सुजाताने मितूला दुसऱ्या अंगावर घेतलं.