सुरमईच्या पेटीत सापडलेल्या औषधाविषयी माझे म्हणणे

मी, रामचंद्र बाबाजी, वय वर्षे बहात्तर, धंदा मासेमारी (सांप्रत केवळ देखरेख), शिक्षण इयत्ता चौथी उत्तीर्ण, येथील मच्छीमार सोसायटीचा माजी चेअरमन, राहणार रेवदंडा, पूर्ण शुद्धीत व कोणाच्याही दबावाखाली नसताना लिहितो की,

तीर्थस्वरूप विठोबादादा यांच्या सेवेसी साष्टांग नमस्कार. आपला गुडघा व वहिनींचा दमा कसा आहे, ते कळवावे. न्हावा शेव्याला आपल्या ट्रेलरांना माल मिळत असेलच. इकडे सर्व क्षेम आहे, एक बाब वगळून. ती बाब म्हणजे आपली भगिनी व माझी पत्नी सौ. ठमी, जी रविवारपासून आपल्या घरी आहे. तिने आपणांस बरेच काही सांगितले असेल. त्याचे खंडन करण्याचा माझा हेतू नाही. घडले ते केवळ क्रमाने लावून देतो.

सौ. ठमीस काही दिवसांपासून खाज व जळजळ होत होती. (कोठे, हे सांगताना मी प्रथम 'अवघड जागी' असे लिहिले होते. सून कल्पिता म्हणाली की अवघड जागा पाठीवरही असते. म्हणून डॉक्टरीणबाईंनी वापरला तोच शब्द लिहितो : योनी. शब्द शुद्ध आहे.) दिवसभर बर्फाच्या पाण्याने भिजलेल्या लुगड्यात बाजारात बसणे, हा तिचा क्रम आपण जाणताच. तिने कोणास न सांगता खोबरेल लावले, मग कडुलिंबाच्या पाण्याने धुतले, त्याने आग अधिकच वाढली. पाटावर बसवेना, तेव्हा कल्पिताने तिला अलिबागला नेले. मीही सोबत गेलो, मात्र रिक्षातच थांबलो (रिक्षा एकटी सोडणे योग्य दिसले नसते). डॉक्टरीणबाईंनी तपासून निदान केले की ही एक प्रकारची बुरशी आहे. ती थोडीफार तेथे असतेच, परंतु रक्तात साखर वाढली अथवा दुसऱ्या आजाराची कडक औषधे झाली की माजते. लगेच रक्त तपासले, तर साखर खरोखरच वाढलेली निघाली. गोळ्या दिल्या त्या गिळावयाच्या नसून निजताना योनीत आत ठेवावयाच्या. भिजलेले लुगडे लगेच बदलावे, असेही बजावले. येथवर माझा काही संबंध आला नाही, हे आपण लक्षात घ्यावे.

औषध घरी आल्यावर मात्र कर्तव्य म्हणून मी त्यावरील कागद वाचला. त्यात 'थंड व कोरड्या जागी ठेवावे' असे स्पष्ट छापलेले आहे. घरात फ्रीज आहे, परंतु त्यात देवाचे दूध असते, आणि आल्यागेल्या पाहुण्याने पाण्याची बाटली काढताना ते पाकीट पाहावे, हे मला प्रशस्त वाटले नाही. पडवीत आमच्या होडीची सुरमई बर्फात घालून ठेवली होती. बर्फाहून थंड जागा या किनाऱ्यावर नाही, याबद्दल दुमत नसावे. पहिल्या रात्रीची गोळी झाल्यावर, कोरडेपणाची अट पाळण्यासाठी मी पाकीट प्लास्टिकच्या पिशवीत घालून गाठ मारली व सर्वांत लहान पेटीच्या तळाशी ठेवले. (लहान पेटी घरी खाण्यासाठी ठेवतात. त्या दिवशी ठेवली नाही, हा खलाशांचा निर्णय होता.) सकाळी सगळ्या पेट्या बंदरावर लिलावाला गेल्या.

आता नियमाचा भाग येतो. पेटीवर बोली तुटली, म्हणजे सौदा ठरला, की आतील सर्व वस्तू घेणाऱ्याच्या, व त्यानंतर विकणाऱ्याने पेटीत हात घालू नये, हा ठराव माझ्याच कारकिर्दीत झाला. पूर्वी होडीवाले बोलीनंतर चांगली पापलेटे हळूच काढून घेत, म्हणून तो करावा लागला. लहान पेटी शकूने घेतली. (शकू म्हणजे बाजारात सौ. ठमीच्या शेजारी बसणारी; आवाज मोठा.) तिने पेटी उपडी केली, पिशवी उघडली आणि साऱ्या बंदरास ऐकू जाईल असे विचारले, "आगो बायांनो, ह्यो औषीद मना ठाव हाय, मी पन घेतलेला! सुरमईला कवापासून खाज सुटली गो?"

सर्वांनी माझ्याकडे पाहिले, कारण पेटी माझी. मी नियमास धरून एवढेच बोललो की बोली तुटली आहे, माल शकूचा. यात असत्य काय आहे, ते आपणच सांगावे. त्यावर माल घ्यायला बंदरावर आलेली सौ. ठमी पाटावरून उठली आणि म्हणाली, "माझा हाय तो औषीद. आन ठेवनारा थय वजनकाट्याजवल उभा हाय, त्याला वाचा नाय."

मला अपेक्षा होती की लोक हसतील. पुरुष हसले. बायकांनी मात्र तेथेच सभा भरविली. एकीने तसली गोळी पाण्याबरोबर गिळली होती. दुसरीने खाज थांबताच औषध सोडले, तो महिन्याभरात सगळे परत आले. तिसरीने शेजारणीच्या उरलेल्या गोळ्या वापरल्या, आणि तिचा आजार निराळाच निघाला. कल्पिता प्रत्येकीस सांगत होती की आधी तपासून घ्या, सगळी खाज एक नसते. मी मध्येच उभा होतो व मला कोणी बाजूला हो असेही म्हणाले नाही. शेवटी शकूने पाकीट पुढे केले, "घ्या चेरमन, बायकोचा हाय नं?" मी म्हणालो, बोलीनंतर विकणाऱ्याला हात लावता येत नाही. हे ऐकून सौ. ठमीने टोपली तेथेच ठेवली, अलिबागची रिक्षा धरली आणि ती आपल्याकडे आली. औषध अर्धवट राहिले.

वरील हकिकतीत माझा दोष कोठे दिसत नाही. कल्पिताचे मत निराळे आहे. ती म्हणते, "बाबा, कपाटात ठेवलं असतं तरी चाललं असतं. औषध आहे ते, कोलंबी नाही." आपले मत कळवावे.

आपला,
रामचंद्र बाबाजी

ताजा कलम : डॉक्टरीणबाईंना विचारून आणलेले नवे पाकीट सोबत पाठवीत आहे. वहिनींकरवी तिला द्यावे. खाज थांबली तरी ठरलेल्या सर्व रात्री ते पुरे करावे व साखर पुन्हा तपासावी. पाकीट कपाटात ठेवावे.

आणखी एक : तिचा निरोप होता की मी बंदरावर उभा राहून औषध माझ्या बायकोचे होते व मीच ठेवले होते, असे बोलल्याखेरीज ती येणार नाही. काल लिलावाच्या वेळी मी तसे मोठ्याने बोललो. बोंबिलाचा भाव चढत होता. कोणी मान वळविली नाही. शकू म्हणाली, परत बोला. मी परत बोललो.

शेवटचे : नवऱ्यास त्रास असेल तरच त्याला तपासावे लागते, असे डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या. मला आहे. एकट्याने जाऊन ते सांगणे माझ्याने होणार नाही. तिला पाठवावे.

हे लिहिताना समक्ष हजर : सून कल्पिता, जी शेवटचा मजकूर वाचून बाहेर जाऊन हसून आली, आणि शकू, जी बाहेरही गेली नाही.